खुराड्यातील खेळती हवा

कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, ही म्हण आपण सर्वांनी बालपणापासून ऐकली आहे. ज्याने ती प्रथम उच्चारली त्याने ते कोंबडे कशाखाली झाकले होते, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. कोकणात कोंबडे झाकीत ते डालग्याखाली. डालगे म्हणजे बांबूच्या कामट्यांची विणलेली, उपडी घातलेली मोठी टोपली. तिच्या अंगाला शेकडो भोके. कोंबडे आत सुरक्षित, मुंगूस बाहेर, आणि वारा मात्र आरपार. मोठी खुराडीही याच जातीची असत. कारवीच्या काट्यांचा कुड, त्यावर जमेल तेवढे लिंपण, वर गवताचे किंवा झापांचे छप्पर. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल या मुलखात आपल्या वाडवडिलांनी ज्या कोंबड्या बाळगल्या, त्या अशाच निवाऱ्यात. वायुवीजन हा शब्द त्यांच्या कानांवर कधी पडला नसेल, आणि त्याची गरजही त्यांना भासली नसेल. कारण ज्या सामानाने ते खुराडे बांधीत, ते सामानच श्वास घेणारे होते.

इस्रायलमध्ये आल्यावर आपले सामान बदलले. बेअरशेवा, दिमोना, येरुहाम, रामले अशा गावांतून ज्या घरांमागे थोडेसे अंगण आहे, किंवा मोशावात ज्यांना त्याहून मोकळी जागा लाभली आहे, त्यांतील कित्येकांनी दहा-पाच कोंबड्या हौसेने पाळल्या आहेत. (नगरपालिकेच्या पशुवैद्याला विचारून मगच पाळाव्यात, हे जाता जाता सांगून ठेवते.) इथे खुराड्याला लूल म्हणतात, आणि परसातले हे लूल बहुधा पत्रा, प्लायवूड अथवा सिमेंटच्या ब्लॉकचे असते. ते बांधताना आपण नकळत माणसाचे घर डोळ्यांपुढे ठेवतो : चार भक्कम भिंती, एक दार, एखादी खिडकी, आणि फट म्हणून कोठे राहू द्यायची नाही. घर जितके घट्ट तितके चांगले, अशी आपली समजूत. कोंबडीच्या बाबतीत ती समजूत घातक ठरते. परसातल्या कोंबड्या भुकेने क्वचितच दगावतात; त्यांना दाणे घालणारे हात पुष्कळ असतात. त्या दगावतात हवेवाचून, असे माझे मत आहे, आणि ते कसे घडते हेच या लेखात मांडावयाचे आहे.

मी व्यवसायाने शिक्षिका आहे, कुक्कुटपालनाची तज्ज्ञ नव्हे. परंतु येथील अनेक शाळांत ‘पिनात खाय’ म्हणजे प्राण्यांचा कोपरा असतो, आणि आमच्या शाळेतील त्या कोपऱ्याची देखरेख काही वर्षे माझ्याकडे होती. मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देता देता कोंबडीच्या शरीराविषयी मला जे शिकावे लागले, ते आधी सांगते; कारण ते समजल्याखेरीज खिडकी किती मोठी असावी हे सांगण्यात काही अर्थ नाही.

कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते. आपल्या भाषेत सांगायचे तर ती जन्मभर तापातच असते. वर अंगावर पिसांची रजई. आणि त्या रजईखालच्या कातडीत घामाच्या ग्रंथी मुळीच नाहीत. आपल्याला उकडले की घाम येतो, तो वाळतो आणि अंग निवते. कोंबडीला हे वरदान नाही. तिला उष्णता बाहेर टाकायची ती तुऱ्यातून, पायांतून, आणि मुख्यत्वेकरून श्वासातून. पारा तिशीच्या आसपास गेला की ती पंख अंगापासून दूर धरते, चोच उघडते आणि धापा टाकू लागते. घशाखालची कातडी थरथरताना स्पष्ट दिसते. ही धाप म्हणजेच तिचा घाम होय. घशातील व श्वासमार्गातील ओलावा वाफ होऊन जातो, आणि जाताना उष्णता घेऊन जातो.

या धापेची किंमतही तिला मोजावी लागते. जलद श्वासाबरोबर रक्तातील कर्बवायू अवाजवी प्रमाणात निघून जातो. अंड्याचे कवच ज्या कॅल्शियम कार्बोनेटचे बनते, त्यातील कार्बोनेट याच वायूपासून तयार होते. म्हणून कडक उन्हाळ्यात अंडी पातळ कवचाची निघतात. पुष्कळ जण अशा वेळी शिंपल्यांचा चुरा वाढवितात. तो घालू नये असे नाही, पण दोष आहाराचा नसून खुराड्यातील हवेचा असतो, हे ध्यानात घ्यावे.

आता याच धापांचा बंद खुराड्यात काय परिणाम होतो पाहा. धाप उपयोगी पडते ती भोवतालची हवा कोरडी असेल तोवरच. दहा-बारा कोंबड्या एका पत्र्याच्या खोक्यात धापा टाकू लागल्या की त्यांच्याच श्वासाने आतली हवा दमट होते. दमट हवेत पाण्याची वाफ होणे मंदावते. धाप वाढते, ओलावा आणखी वाढतो, आणि कोंबडी जितकी धडपडते तितकी ती स्वतःच्या श्वासात बुडू लागते. बाहेर नेगेवचे कोरडे ऊन, आत ऑक्टोबरातली मुंबई.

आमच्या वस्तीतील एका वयोवृद्ध मावशींच्या घरी हे मी प्रत्यक्ष पाहिले. यजमान निवर्तल्यावर कोंबड्या हाच त्यांचा विरंगुळा. नातवंडे सुट्टीत आली की प्रत्येकाच्या हाती उकडलेले अंडे द्यायचे, हा त्यांचा शिरस्ता. खुराडे एका कारागिराकडून पैसे मोजून बांधून घेतलेले होते. दिसायला सुबक, तिन्ही बाजूंना आणि वर पत्रा, पुढे दार आणि दाराशेजारी काचेची एक तावदानी. मे महिन्यात शाराव सुटला. ज्याला आपण खमसीन म्हणतो, तोच हा पूर्वेकडून वाळवंटातून येणारा, धुळीने भरलेला वारा. वादळात धूळ आत जाऊ नये म्हणून मावशींनी मायेने दार लावून घेतले आणि त्या दवाखान्यात गेल्या. दुपारी चार वाजता परतल्या, तेव्हा चौदापैकी नऊ कोंबड्या मरून पडल्या होत्या. भांड्यात पाणी होते, पण चटका बसावा इतके तापलेले. दाण्यांचे भांडे भरलेले होते. जड, मांसल कोंबड्या आधी गेल्या. नेहमी त्याच आधी जातात. ज्या पाच उरल्या, त्या दाराखालच्या दोन बोटांच्या फटीशी चोची लावून जमिनीवर पसरल्या होत्या. कारागिराच्या हातून चुकून राहिलेल्या त्या फटीनेच त्यांना वाचविले.

दुसऱ्या दिवशी तसेच ऊन होते. आम्ही रिकाम्या खुराड्यात, बसायच्या दांडीच्या उंचीवर, तापमापक टांगला. बाहेर सावलीत ३८ अंश, आत ४५. कोंबडीला सोसवेल आणि सोसवणार नाही यांतील सीमा या सात अंशांतच कोठेतरी होती.

उपाय सोपा आहे, आणि त्यामागील शास्त्र सहावीच्या मुलालाही कळते. उष्ण हवा हलकी होऊन वर जाते. तिला वरून बाहेर पडायला वाट दिली, की तिची जागा घ्यायला खालून थंड हवा आपोआप आत येते. यासाठी दोन वाटा हव्यात, आणि त्यांच्या उंचीत अंतर हवे. मुलांना मी हे बाटलीने दाखवीत असे. बाटलीच्या तोंडात नरसाळे घट्ट बसवून पाणी ओतले तर ते अडून राहते, कारण आतली हवा निघायला जागा नसते. नरसाळे किंचित उचलले की पाणी घळाघळा उतरते. एकच खिडकी असलेले खुराडे म्हणजे घट्ट बसविलेले नरसाळे होय. खिडकी मोठी केली तरी दुसरी वाट उघडीपर्यंत फारसा लाभ होत नाही.

मावशींच्या खुराड्याच्या उत्तर आणि दक्षिण भिंतींचा वरचा अर्धा पत्रा आम्ही कापून काढला आणि तेथे जाळी बसविली. उत्तरेच्या भिंतीत तळाशीही जाळीची एक लांबट पट्टी ठेवली. छपराचे दोन पाखे आढ्यापाशी एकमेकांना भिडले होते. ते वीतभर विलग करून, मधल्या फटीवर पाऊस आत येऊ नये म्हणून पत्र्याचीच एक टोपी उंचावर ठोकली. उष्ण हवा निघायला आढ्यासारखी दुसरी जागा नाही. पत्र्याला वरून पांढरा रंग दिला. पुन्हा मोजले तेव्हा आतबाहेर फरक जेमतेम दीड अंशाचा निघाला. एवढ्या कामाला दोन दुपारी लागल्या, आणि विकत आणावी लागली ती केवळ जाळी व रंग.

नवे खुराडे बांधणाऱ्यांनी आरंभीच दिशा पाहून घ्यावी. लांबी पूर्व-पश्चिम ठेवली म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन आखूड बाजूंवर पडते, आणि लांब बाजू उत्तर-दक्षिण मोकळ्या राहतात. या देशात उन्हाळी दुपारचा सुखद वारा समुद्राकडून, पश्चिम-वायव्येकडून येतो. हिवाळी पाऊसही बहुधा पश्चिमेकडूनच झोडपतो. म्हणून पश्चिमेची बाजू कायमची बुजवू नये, तीवर गुंडाळता येणारा जाड पडदा असावा. दक्षिणेला वळचण थोडी पुढे काढली की ग्रीष्मातील डोक्यावरचे ऊन अडते आणि हिवाळ्यातील कलते ऊन आत येते. जवळ तुतीचे झाड किंवा द्राक्षाचा मांडव असेल तर त्यापरते भाग्य नाही. दोघेही उन्हाळ्यात सावली देतात आणि थंडीत पाने गाळून बाजूला होतात.

मोकळी जागा किती असावी? दर कोंबडीमागे निदान एक चौरस फूट जाळी, असा हिशेब सांगितला जातो. थंड प्रदेशात तो पुरत असेल. नेगेवमध्ये मी तो पुरेसा मानणार नाही. भिंतींचा निम्मा भाग तरी उघडता यावा. आणि एका चौरस मीटर जमिनीवर तीनपेक्षा अधिक कोंबड्या ठेवू नयेत, मग जाळी कितीही असो.

छपरावर पाणी शिंपडावे काय, ओली गोणपाटे टांगावीत काय, असेही विचारले जाते. याचे उत्तर आपण कोठे राहता त्यावर आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषली जाते, आणि ही काही थोडी नव्हे. परंतु वाफ व्हायला हवा कोरडी लागते. नागपूरकडे उन्हाळ्यात दारांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी मारीत. मुंबईकोकणात ही चाल रुजली नाही, कारण तेथील दमट हवेत ताटी नुसती ओली राहते. तोच न्याय येथे. बेअरशेवा-दिमोन्याकडे वाऱ्याच्या बाजूस टांगलेले ओले गोणपाट चमत्कार करते. अश्दोदला ऑगस्टमध्ये तोच प्रयोग केला तर खुराड्यात दमटपणाच वाढेल. तेथे वाऱ्यावरच भिस्त ठेवावी. पिण्याचे पाणी मात्र सर्वत्र सावलीत आणि दिवसातून दोनदा बदललेले असावे. साध्या दिवशी कोंबडी पाव लिटरच्या आत-बाहेर पाणी पिते; उष्म्यात त्याच्या दुप्पट पिते, पण तापलेल्या पाण्याला तोंड लावीत नाही.

विजेच्या पंख्याविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. पंखा आतली तीच हवा फिरवितो. बाहेर घालवितो तो झरोक्यात, बाहेरच्या दिशेने तोंड करून बसविला तरच. शिवाय आपल्यापैकी जे शब्बाथ पाळतात, त्यांच्या घरी शुक्रवारी सायंकाळपासून शनिवारी रात्रीपर्यंत बटणाला हात लागत नाही. शब्बाथचे घड्याळ लावून पंखा आधी ठरवून ठेवता येतो हे खरे, परंतु शाराव घड्याळ विचारून येत नाही. आढ्याची फट मात्र सातही दिवस आपले काम करीत असते.

उष्म्याचा हा प्रश्न केवळ आपल्या परसापुरता नाही. रेहोवोत येथील कृषिविद्याशाखेतील संशोधक आविग्दोर कहानेर यांनी २००२ साली अंगावर पिसेच नसलेली कोंबडी जगापुढे आणली, तेव्हा वृत्तपत्रांतून मोठा गाजावाजा झाला होता. निसर्गतः आढळलेला पिसे न येण्याचा गुण त्यांनी मांसल जातींत उतरविला. उष्ण देशांत अशा कोंबडीला उकाड्याचा जाच कमी, असा त्यामागील विचार. तिला ऊन भाजेल, किडे चावतील, असे आक्षेपही आले. त्या उघड्यावाघड्या पाखराचे छायाचित्र पाहून आमच्या वर्गातील एक मुलगी म्हणाली होती, “कोंबडीचे कपडे काढण्यापेक्षा खिडकी का नाही उघडली?” मोठ्या कारखान्यांतील अडचणी तिला ठाऊक नव्हत्या, पण परसापुरते तिचे म्हणणे बिनतोड होते.

आतापर्यंत उन्हाळ्याविषयी लिहिले. हिवाळ्यातील धोका गुप्त असतो, आणि म्हणून अधिक वाईट. थंडी पडली की आपण खुराड्याला गोणपाटे गुंडाळतो, फटीत चिंध्या कोंबतो. वस्तुतः कोरड्या, पिसे धड असलेल्या कोंबडीला थंडीचे भय नसते. बेअरशेव्यात जानेवारीच्या रात्री पारा सात-आठ अंशांवर येतो, आणि ती तर शून्याखालचीही थंडी सोसते. तिला सोसत नाही तो ओलावा. दहा कोंबड्या दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी पितात. एका अंड्यात त्यातील सुमारे ४० ग्रॅम जाते. उरलेले सारे श्वासावाटे आणि विष्ठेवाटे खुराड्यातच उतरते. सकाळी दार उघडल्यावर पत्र्याच्या आतील अंगावर थेंब दिसले, तर तेच ते पाणी, असे समजावे.

ओल्या विष्ठेत जंतू वाढतात आणि तिच्यातील युरिक आम्लापासून अमोनिया वायू सुटतो. हा वायू श्वासनलिकेच्या आतील बारीक केसांची लव मारून टाकतो. धूळ आणि रोगजंतू घशाबाहेर लोटण्याचे काम ही लव करते. ती गेली की राणीखेत म्हणजे मानमोडीसारख्या रोगाला दार उघडेच. शिवाय कोंबडीच्या फुप्फुसांना हवेच्या नऊ पिशव्या जोडलेल्या असतात आणि त्यांतील काही हाडांच्या पोकळीतही शिरतात. वाईट हवा तिच्या शरीरात आपल्यापेक्षा फार खोलवर जाते. दशलक्ष भागांत २५ भाग अमोनिया दीर्घकाळ राहिला तर कोंबडीच्या प्रकृतीवर परिणाम होतो, आणि माणसाच्या नाकाला त्याचा वास जाणवू लागतो तोही साधारण याच सुमारास. म्हणजे आपल्याला उग्र वास आला त्या क्षणी मर्यादा ओलांडलेली असते. त्यातही आपले नाक कोंबडीच्या नाकापेक्षा चार-पाच फूट उंचावर, आणि विष्ठा तिच्या पायांशी. म्हणून परीक्षा घ्यायची ती पहाटे, दार उघडताक्षणी, खाली वाकून. डोळे चुरचुरले तर कोंबड्यांचे डोळे रात्रभर चुरचुरत होते. आमच्यातील काही मंडळी वासावर उतारा म्हणून ओल्या गादीवर चुना टाकतात. त्याने अमोनिया आणखी वेगाने सुटतो. भिंतीला चुना लावावा, गादीत टाकू नये. गादीतील लाकडाचा भुसा किंवा पेंढा मुठीत दाबून पाहावा : मूठ उघडल्यावर भुसा सुटा झाला तर ठीक, लाडू राहिला तर तो बदलावयास हवा आणि वरची जाळीही वाढवावयास हवी.

यावर प्रश्न येतो, की जाळी उघडी ठेवली तर कोंबड्यांना वारा लागणार नाही काय? येथे भाषेचे थोडे साहाय्य घेते. वारा खाणे आणि वारा लागणे, या दोन गोष्टी मराठीत वेगळ्या आहेत, आणि खुराड्यातही त्या वेगळ्याच ठेवायच्या असतात. हिवाळ्यात झरोके दांडीवर बसलेल्या कोंबड्यांच्या डोक्यांहून वर असावेत. मग हवा त्यांच्या माथ्यावरून जाते आणि ओलावा घेऊन निघून जाते. झोत पिसांत शिरला तर पिसे उलटतात आणि खाली धरून ठेवलेली ऊब निघून जाते. याची परीक्षा अगदी सोपी. कोंबडीचेच एक हलके पीस दोऱ्याला बांधून रात्री दांडीच्या उंचीवर टांगावे. ते फडफडत असेल तर खालची फट झाकावी. तेच पीस आढ्याच्या फटीशी धरावे. तेथे ते हलले पाहिजे. तेथेही ते निश्चल लोंबत राहिले, तर खुराडे कोंदले आहे.

जाळी घेताना पातळ षट्कोनी तार घेऊ नये. कोल्हा ती दातांनी फाडतो आणि मुंगूस भोकातून शिरते, व हे दोन्ही प्राणी या देशात भरपूर आहेत. अर्ध्या इंचाची, सांधे जोडलेली चौकोनी जाळी घ्यावी. तिने चिमण्याही अडतात, आणि ते महत्त्वाचे आहे. २००६ च्या मार्चमध्ये इस्रायलमधील कोंबड्यांत प्रथमच एच-५-एन-१ हा बर्ड फ्लू आढळला. २०२१ च्या डिसेंबरात हुला खोऱ्यात याच रोगाने हजारो क्रौंच पक्षी मेले. अशी साथ आली की पशुवैद्य कोंबड्या आत कोंडून ठेवण्यास सांगतात, आणि मग घाबरून सारे खुराडे प्लास्टिकने गुंडाळले जाते. कोंडून ठेवणे म्हणजे रानपाखरांपासून आणि त्यांच्या विष्ठेपासून दूर ठेवणे. वर पक्के छप्पर आणि भोवती बारीक जाळी असली, तर हवा न अडविताही ते साधते.

बारीक जाळीचा दोष एकच. तिच्यात धूळ, पिसांचा भुगा आणि कोळ्यांची जाळी अडकतात, आणि दोन महिन्यांत ती भिंतीइतकीच बंद होते. शारावनंतर तर एका दिवसात. महिन्यातून एकदा कोरड्या केरसुणीने ती आतून बाहेर झाडावी, म्हणजे धूळ कोंबड्यांवर पडत नाही. सुक्कोथचा सण आटोपला आणि पहिल्या पावसाची चिन्हे दिसू लागली, की पश्चिमेचा पडदा सोडण्यापूर्वी हे काम अवश्य उरकावे. पडदा सोडताना वरची वीतभर जागा उघडी राहील अशा बेताने तो बांधावा, आणि त्याची दोरी स्टुलावर न चढता हात पोहोचेल इतक्या उंचीवर असावी.